विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, मग व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षं कसा?

प्रश्न असा आहे: विश्व १३८० कोटी वर्षांचं असेल, तर सर्वांत लांबून आलेला प्रकाशसुद्धा फार तर १३८० कोटी प्रकाशवर्षं चालून आला असणार. मग दृश्य विश्वाचा व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षं कसा सांगतात? काही प्रकाशापेक्षा वेगानं गेलं का? त्यापलीकडे काय आहे? आणि विश्व ‘सपाट’ आहे म्हणतात, म्हणजे ते तबकडीसारखं आहे का?

मी रेडिओ खगोलशास्त्रात काम केलं आणि पुढे बरीच वर्षं विश्वरचनाशास्त्र शिकवलं. हे प्रश्न वर्गात पहिल्याच आठवड्यात येतात आणि ते आले की मला मनापासून आनंद होतो. विचारणाऱ्यानं आकडे नुसते वाचलेले नसतात, एकमेकांशी ताडून पाहिलेले असतात. उत्तर थोडं लांब आहे, कारण वय, आकारमान आणि आकार या गोष्टी सुट्या सुट्या मोजता येत नाहीत. विश्व कसकसं प्रसरण पावत आलं, त्या एका इतिहासातून तिन्ही निघतात. तो इतिहास वाचण्यात चूक झाली की तिन्ही आकडे एकदम बिघडतात, आणि तसं एकदा झालंही आहे.

आधी अंतराचा गुंता सोडवू. आपल्याला दिसू शकणारा सर्वांत जुना प्रकाश म्हणजे वैश्विक मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं, तेव्हा तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू बनले, आणि तोवर मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर सतत आपटणाऱ्या प्रकाशाला वाट मोकळी झाली. १९६४ साली न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथं आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच येणारी, काही केल्या न जाणारी खरखर सापडली. ती याच प्रकाशाची. आज त्याचं तापमान २.७२५ केल्विन आहे.

आता नीट बघा. आज आपल्यापर्यंत पोहोचणारा हा प्रकाश ज्या वायूतून निघाला, तो वायू त्या वेळी आपल्यापासून, म्हणजे ज्या द्रव्यातून पुढे आपली आकाशगंगा झाली त्यापासून, फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षं दूर होता. एवढं अंतर कापायला प्रकाशाला १३८० कोटी वर्षं लागली. कारण तो चालत होता तेव्हा मधलं अवकाश ताणलं जात होतं. सुरुवातीला तर ताणण्याचा वेग इतका होता की आपल्याकडे तोंड करून निघालेला तो प्रकाश प्रत्यक्षात आपल्यापासून लांब जात होता. प्रसरण मंदावत गेलं तेव्हा कुठे तो जवळ येऊ लागला. आणि ज्या वायूतून तो निघाला, तो वायूही जागच्या जागी राहिला नाही. त्याच्या एव्हाना दीर्घिका झाल्या असतील, आणि त्या आज आपल्यापासून साधारण ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. तेव्हापासून आजपर्यंत विश्वातलं प्रत्येक मोठं अंतर सुमारे १०९० पट झालं आहे, ४.२ कोटींना १०९० नं गुणून पाहा. महास्फोटाच्या क्षणापर्यंतचा हिशेब धरला तर ही त्रिज्या किंचित वाढून ४६५० कोटी होते. तिची दुप्पट म्हणजे तुमचे ९३०० कोटी.

म्हणजे १३८० कोटी हा प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आहे आणि ४६५० कोटी हे त्या जागेचं आजचं अंतर आहे. वर्तमानपत्रांत या दोन्हींची सरमिसळ फार होते. पुण्याच्या आयुकातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०२० साली ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीतून एक दीर्घिका टिपली गेली. ती ‘९३० कोटी प्रकाशवर्षांवर’ असल्याच्या बातम्या आल्या. तिचा प्रकाश ९३० कोटी वर्षं वाटेत होता, असा त्याचा अर्थ. ती आज कुठे आहे हे विचाराल तर त्याहून पुष्कळ दूर. जेम्स वेब दुर्बिणीतली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं असतानाची दिसते. तिचं आजचं अंतर ३४०० कोटी प्रकाशवर्षांच्या घरात आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की बातमीत अंतर दिसलं की आधी विचारा: कुठल्या वेळचं?

प्रकाशवेगाची मर्यादा इथं कुठेही मोडत नाही. आइन्स्टाइनचं बंधन आहे ते एकाच ठिकाणी, शेजारून जाणाऱ्या दोन वस्तूंच्या वेगावर. दोन दूरच्या दीर्घिकांमधलं अवकाशच वाढत असेल तर त्या वाढीला ते बंधन लागू होत नाही. आजच्या घडीला साधारण १४५० कोटी प्रकाशवर्षांपलीकडची प्रत्येक दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाहून अधिक वेगानं दूर जाते आहे, आणि तरीही त्यांतल्या कित्येक आपल्याला दिसतात, कारण आपण पाहतो तो त्यांचा जुना प्रकाश. मात्र सुमारे १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकेतून आज निघणारा प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. दृश्य विश्वातल्या बहुतेक दीर्घिका याच टापूत आहेत. त्यांची जुनी चित्रं आपल्याला मिळत राहतील, आजची कधीच नाही. इतकी वर्षं शिकवूनही या वाक्याशी मी दर वेळी थबकतो.

आता वय. याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

कार्तिकात, दिवे नसलेल्या गावी, रात्री नऊच्या सुमारास डोक्यावरून थोडं उत्तरेला बघितलंत तर देवयानी दीर्घिकेचा अंधूक ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे शंभर वर्षांपूर्वी सर्वमान्य नव्हतं. हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी सेफीड जातीच्या ताऱ्यांबद्दल दाखवून दिलं होतं की, तारा जितका सावकाश उजळतो-मंदावतो तितका तो मुळात तेजस्वी असतो. म्हणजे आवर्तनाचे दिवस मोजले की खरं तेज कळतं, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून देवयानीत असा तारा सापडला. पुढे १९२७ मध्ये जॉर्ज लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबल यांनी दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त.

यातून वय काढणं म्हणजे अंतराला वेगानं भागणं. हबल यांच्या मोजणीत दर मेगापार्सेकमागे, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरनं वाढत होता. भागाकार केला तर विश्वाचं वय २०० कोटी वर्षं येतं. त्याच काळात किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीवरच्या खडकांचं वय त्याहून जास्त निघू लागलं होतं. विश्व आपल्यातल्या एका ग्रहापेक्षा तरुण कसं असेल?

या पेचानं विश्वरचनाशास्त्राला वीस-पंचवीस वर्षं छळलं. १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी विश्व सर्वकाळ एकसारखंच असतं असं सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत मांडला, त्यामागे इतर कारणांबरोबर हाही पेच होता: विश्वाला आरंभच नसेल तर वयाचा प्रश्नच मिटतो. पेच सुटला तो मात्र मोजणी सुधारल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसवर काळोखाची सक्ती होती, आणि त्या काळ्या आकाशाचा फायदा घेत वॉल्टर बाडे यांनी देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे केले. ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पाठोपाठ सेफीड ताऱ्यांचेही दोन प्रकार. हबल यांच्या अंतरात दोन्ही एकच धरले गेले होते. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडे यांनी हे जाहीर केलं आणि विश्वातली सगळी अंतरं, पर्यायानं वयही, एका झटक्यात दुप्पट झाली. १९५८ पर्यंत ॲलन सँडेज यांनी तो ५०० चा आकडा ७५ च्या जवळ आणून ठेवला.

स्थिर स्थितीचं नाव निघालं की मराठी वाचकाला डॉ. जयंत नारळीकर आठवणारच. कोल्हापूरचा हा मुलगा केंब्रिजला हॉइल यांच्याबरोबर काम करून १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतला. त्याच संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली होती. चंद्र आपल्या वाटेत एखाद्या रेडिओ स्रोतासमोर आला की स्रोत कसा कसा झाकला जातो, त्यावरून त्याचा कोनीय आकार काढायचा, अशी ती पद्धत. शेकडो स्रोत असे मोजून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये निष्कर्ष काढला की दूरचे, म्हणजे जुन्या काळातले रेडिओ स्रोत जवळच्यांसारखे नाहीत. विश्व काळानुसार बदललं आहे. हा निष्कर्ष स्थिर स्थितीच्या विरोधात जाणारा होता. एकाच संस्थेत एक जण सिद्धांत मांडतो, दुसरा मोजणी करून त्याच्या विरुद्ध पुरावा देतो, आणि दोघेही तिथेच नांदतात, याचा मला आजही अभिमान वाटतो. नारळीकरांनी २०२५ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांताला खडे प्रश्न विचारणं थांबवलं नाही. मी त्यांच्या मताचा नाही. पण मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी आणि हलक्या मूलद्रव्यांचं प्रमाण या दोन गोष्टी महास्फोटाच्या बाजूनं इतक्या भक्कम का आहेत, हे नीट समजून घेण्याची सवय माझ्या पिढीला त्यांच्या प्रश्नांनीच लावली.

आजचा हिशेब तुम्हीही करू शकता. मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांतून प्रसरणाचा दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतो. एक मेगापार्सेक म्हणजे ३०९ वर सतरा शून्यं, इतके किलोमीटर. त्याला ६७.४ नं भागा, आलेल्या सेकंदांची वर्षं करा: सुमारे १४५० कोटी. दर कायम तोच राहिला असता तर हेच वय झालं असतं. तो तसा राहिला नाही. पहिली कित्येक अब्ज वर्षं द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रसरणाला लगाम घातला; साधारण ६०० कोटी वर्षांपूर्वीपासून कृष्ण ऊर्जा, म्हणजे अवकाशाला ताणणारी अजून न उलगडलेली ऊर्जा, वरचढ झाली आणि प्रसरण पुन्हा वेग घेऊ लागलं. हे दुसरं वळण १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं आणि त्यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं. दोन्ही परिणाम जमेस धरले की १४५० चे १३८० कोटी होतात.

या आकड्यावर माझा विश्वास आहे, आणि त्याला सर्वांत मोठा आधार ताऱ्यांचा आहे. गोलाकार तारकागुच्छांतल्या सर्वांत म्हाताऱ्या ताऱ्यांची वयं १२०० ते १३५० कोटी वर्षांच्या पट्ट्यात येतात. ही वयं ताऱ्यांच्या पोटातल्या अणुभौतिकीवरून काढलेली असतात. दीर्घिकांच्या वेगाशी किंवा मायक्रोवेव्हशी त्यांचा काही संबंध नाही. दोन अनोळखी वाटांनी येऊन उत्तरं शेजारी उभी राहतात.

आता आकार. इथं तबकडी मनातून पूर्ण काढून टाका. विश्वाला लांबी, रुंदी, उंची तिन्ही आहेत. सपाट म्हणजे एवढंच की शाळेतली भूमिती अब्जावधी प्रकाशवर्षांच्या त्रिकोणालाही लागू पडते आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच भरते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तसं होत नाही. उत्तर ध्रुवावरून ९० अंशांच्या फरकानं दोन रेखावृत्तं खाली विषुववृत्तापर्यंत आणा. त्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. तीन मितींच्या अवकाशालाही अशी वक्रता असू शकते, धन किंवा ऋण, आणि ती आहे की नाही हे मोजूनच ठरवावं लागतं.

त्यासाठी विश्वाएवढा त्रिकोण लागतो, आणि निसर्गानं तो काढून ठेवला आहे. प्रकाश मोकळा होण्याआधी विश्वातल्या तप्त वायूत ध्वनिलहरी पसरत होत्या, प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं. ३ लाख ८० हजार वर्षांत, प्रसरणाची भर धरून, अशी लहर सुमारे ४.३ लाख प्रकाशवर्षं गेली असणार, हे भौतिकशास्त्रावरून काढता येतं. हा त्रिकोणाचा पाया. त्याच्या दोन टोकांकडून आपल्याकडे येणारे किरण या त्रिकोणाच्या दोन बाजू. आपल्या डोळ्याशी होणारा कोन मोजायचा: अवकाश धन वक्र असेल तर तो मोठा दिसेल, ऋण वक्र असेल तर लहान. अंटार्क्टिकावर बलूनमधून दहाएक दिवस फिरवलेल्या बूमरँग प्रयोगानं २००० साली पहिलं स्वच्छ उत्तर दिलं. नंतर डब्ल्यूमॅप आणि प्लँक उपग्रहांनी ते घासून पुसून लखलखीत केलं. कोन जवळपास ०.६ अंश भरतो, पूर्ण चंद्राच्या बिंबाहून किंचित मोठा. सपाट अवकाशात तो तेवढाच यायला हवा. प्लँक आणि दीर्घिकांच्या वितरणाची मोजणी एकत्र केली तर वक्रतेचा वाटा ०.०००७ येतो, त्यात चूक ०.००१९ इतकी, म्हणजे शून्याशी पूर्ण सुसंगत.

म्हणून विश्व अनंत आहे का? इथं घाईनं होकार देणारे पुष्कळ भेटतात आणि मला ते पटत नाही. मोजणीतून एवढंच निघतं की वक्रता असलीच तर तिची त्रिज्या साधारण २०,००० कोटी प्रकाशवर्षांहून मोठी आहे. विश्व गोलासारखं बंद असलं तरी संपूर्ण विश्वाचं घनफळ आपल्याला दिसणाऱ्या भागाच्या किमान काहीशे पट निघतं. त्याहून किती मोठं, याला मोजणीचा आधार नाही.

शिवाय सपाट असूनही मर्यादित असण्याची एक वाट आहे. कागदाची सुरळी करा. कागद कुठे ताणला गेला नाही, त्यावर काढलेल्या त्रिकोणाचे कोन १८० अंशच राहिले, पण एका दिशेनं चालत गेलात तर निघाल्या जागी परत याल. तीन मितींतही अवकाश असं स्वतःशी जोडलेलं असू शकतं, आणि त्याला कुठेही कड नसते. तसं असेल आणि विश्व पुरेसं लहान असेल, तर मायक्रोवेव्ह आकाशात दोन वेगळ्या दिशांना तापमानाची तंतोतंत जुळणारी वर्तुळं दिसायला हवीत. डब्ल्यूमॅप आणि प्लँकच्या नकाशांत ती कसून शोधली, सापडली नाहीत. काही पीळ असलेल्या जोडण्या अजून पूर्णपणे बाद झालेल्या नाहीत, तेवढी दारं उघडी आहेत.

‘पलीकडे काय?’ याचं उत्तर आता सोपं आहे. ४६५० कोटी प्रकाशवर्षांवर भिंत नाही. तिथल्या दीर्घिकेत कोणी असेल तर त्याच्या भोवतीही तेवढ्याच त्रिज्येचं दृश्य विश्व असेल आणि आपण त्याच्या कडेवर असू. मध्यबिंदू कुठेच नाही. महास्फोटही एखाद्या जागी झाला नाही. तेव्हा जी जागा होती त्या सगळ्या जागेत तो झाला, तुम्ही बसला आहात तिथेसुद्धा.

एक ठणका मात्र लपवत नाही. प्लँकचा दर ६७.४. सेफीड आणि अतिनवतारे वापरून जवळच्या विश्वात थेट मोजलेला दर ७३ च्या आसपास. दोन्ही गटांनी सांगितलेल्या मोजणीतल्या त्रुटीच्या मर्यादा एकमेकींना शिवत नाहीत. वेब दुर्बिणीनं सेफीड पुन्हा तपासले, त्यातही मोठी चूक निघाली नाही. दुसऱ्या जातीचे तारे वापरणाऱ्या एका गटाला मात्र ७० च्या जवळचं उत्तर मिळतं. इतर घटक तेच ठेवून नुसता दर ७३ केला तर विश्वाचं वय १२७० कोटींच्या आसपास उतरतं, आणि मग म्हाताऱ्या ताऱ्यांना जागा पुरत नाही. त्यात २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या डेसी प्रकल्पानं एक कोटीहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे, मोजून असा इशारा दिला की कृष्ण ऊर्जा कायम एकसारखी नसून काळानुसार बदलत असेल. शोध म्हणावा इतका तो पुरावा अजून धारदार नाही. तो टिकला तर मात्र वयाचा आणि अंतरांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

हा वाद मिटवायला सेफीड आणि मायक्रोवेव्ह या दोघांशीही नातं नसलेली तिसरी मोजपट्टी हवी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी ती पहिल्यांदा हाती आली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातल्या कंपनांच्या, जोरावरून अंतर कळलं, ते तारे ज्या दीर्घिकेत होते तिच्या रेडशिफ्टवरून, म्हणजे तिचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्यावरून, वेग. दर आला ७०, पण एकाच घटनेमुळे चूक मोठी, ६२ पासून ८२ पर्यंत. अशा साधारण ५० घटना मिळाल्या तर चूक दोन टक्क्यांवर येईल, आणि ६७ की ७३ याचा निकाल लागू शकेल. त्यासाठी आदळणारे तारे आकाशात नेमके कुठे आहेत हे झटपट कळायला हवं, आणि ते पृथ्वीवर दूरदूर विखुरलेल्या, या लहरी टिपणाऱ्या उपकरणांमुळे जमतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या अशाच उपकरणाच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा उभारायला केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे, त्या याच कामासाठी.